इन्सेनमधली 83 पाने: ऊ विन टिन प्रकरण

ब्रह्मदेशातले पत्रकार ऊ विन टिन 4 जुलै 1989 ला पकडले गेले आणि 23 सप्टेंबर 2008 ला सुटले. मधला काळ 19 वर्षे, 2 महिने आणि 19 दिवसांचा, म्हणजे 7,021 दिवसांचा. आत गेले तेव्हा साठीला टेकले होते, बाहेर आले तेव्हा 78 वर्षांचे होते. एवढी शिक्षा मात्र त्यांना कोणी एकदम ठोठावलेली नव्हती. आधी 3 वर्षे, ती भरत आली तेव्हा 1992 मध्ये आणखी 10, आणि ती 10 निम्मीही झाली नव्हती तोच 1996 मध्ये आणखी 7. कैद हप्त्याहप्त्याने वाढत गेली. लष्करी राजवटीत राजकीय कैद कशी चालते हे समजून घ्यायचे तर मारहाणीच्या हकिगतींआधी हा हप्त्यांचा हिशेब मांडावा लागतो. त्यातला तिसरा हप्ता तर निव्वळ पत्रकारितेचा होता. यांगूनच्या इन्सेन तुरुंगात बसून त्याच तुरुंगाची बातमी लिहिली, हा गुन्हा.

अटकेआधी

विन टिन 1950 च्या दशकात पत्रकारितेत आले. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेच्या रंगून कार्यालयात रात्रपाळी केली, तीन वर्षे हॉलंडमध्ये एका प्रकाशनसंस्थेत काढली, परत येऊन रंगूनच्या वृत्तपत्रात संपादकीय काम केले. 1962 मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. त्याच वर्षी मुद्रक-प्रकाशक नोंदणीचा कायदा आला आणि पुढे खाजगी वृत्तपत्रे एकेक करून सरकारजमा झाली. 1969 मध्ये त्यांना मंडालेच्या 'हंथावडी' दैनिकाचे मुख्य संपादक म्हणून पाठवण्यात आले. पत्र सरकारी, तरीही त्यांनी ते वाचनीय ठेवले. त्यांच्या शनिवारच्या वाचनमंडळात ने विन यांच्या 'समाजवादी मार्गा'वर टीका करणारा एक निबंध वाचला गेला, आणि 1978 मध्ये नोकरीही गेली, पत्रही बंद पडले. पुढची दहा वर्षे ते लेखन-अनुवादावर जगले.

ऑगस्ट 1988 च्या उठावात लेखक रस्त्यावर उतरले, त्यांत ते पुढे होते. 18 सप्टेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली. त्याच महिनाअखेरीस आंग सान स्यू ची यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी हा पक्ष स्थापन झाला आणि विन टिन त्याचे चिटणीस झाले. जून 1989 मध्ये राजवटीने देशाचे नाव बर्माचे म्यानमार आणि राजधानीचे रंगूनचे यांगून केले. नावे बदलून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच विन टिन यांना उचलले. स्यू ची यांची स्थानबद्धता 20 जुलैची. आधी सल्लागार, मग नेता, हा क्रम योगायोगाचा नव्हता.

पहिला आरोप असा का?

ऑक्टोबर 1989 मध्ये त्यांना 3 वर्षे सक्तमजुरी झाली. आरोप लेखाचा नव्हता, भाषणाचाही नव्हता. एका तरुणीच्या बेकायदा गर्भपाताशी त्यांचा संबंध जोडण्यात आला. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण त्यामागे साधी सोय होती. लेखाबद्दल खटला भरला की लेख वाचून दाखवावा लागतो, आणि आरोपी संपादक असेल तर तो कोर्टातच त्याचा बचाव करू लागतो. फौजदारी आणि शक्यतो लाजिरवाणा आरोप लावला की माणूस 'राजकीय कैदी' ठरत नाही. परदेशी वकिलातींना उत्तर द्यायला सोपे जाते, आणि लोकांतही दबकी कुजबुज सुरू होते. अशी प्रकरणे नोंदवणाऱ्यांची नेमकी इथेच पहिली चूक होते. आरोपपत्रातले कलम पाहून माणसाला यादीतून वगळले जाते. कलमाबरोबर तारखाही पाहायच्या असतात. अटक कोणत्या घडामोडीच्या किती दिवस आधी किंवा नंतर झाली, त्या आठवड्यात आणखी कोण कोण उचलले गेले, आणि चौकशीत प्रश्न कशाबद्दल विचारले, हे तीन धागे जुळवले की खरा आरोप दिसतो.

विन टिन यांना चौकशीत गर्भपाताबद्दल फारसे कोणी छेडले नाही. स्यू ची कम्युनिस्टांच्या हातातले बाहुले आहेत, हे त्यांच्या तोंडून हवे होते. डोक्यावर बुरखा, हाताला बेड्या, झोप नाही, पाळीपाळीने बदलणारे अधिकारी. झोपेविना ठेवणे हे अशा चौकशीचे मुख्य हत्यार असते, कारण अंगावर वळ उठत नाहीत आणि दोन-तीन रात्रींनंतर माणसाला आपण काय बोललो आणि समोरच्याने काय म्हटले यातला फरक कळेनासा होतो. ते हवे तसे बोलले नाहीत. या कैदेत त्यांचे बहुतेक दात गेले आणि कवळी कित्येक वर्षे मिळाली नाही. दात नसलेल्या माणसाला तुरुंगाचा जाडाभरडा भात चावता येत नाही, गिळावा लागतो. मारहाण थोड्या वेळात संपते, कवळी नाकारणे रोज दोन वेळच्या जेवणाला नव्याने भोगावे लागते.

मे 1990 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने 392 जागा जिंकल्या. राजवटीने सत्ता सोडली नाही. 3 वर्षांची मुदत 1992 मध्ये भरणार होती. त्याच वर्षी त्यांच्यावर देशद्रोही पत्रके लिहिल्याचा आणि चिथावणीखोर भाषणे दिल्याचा आरोप ठेवून 10 वर्षे वाढवली. हे सारे अटकेआधीचे, म्हणजे 1989 मध्येच लावता आले असते. एक आरोप राखून ठेवायचा, मुदत भरत आली की बाहेर काढायचा.

तुरुंग आणि त्याचा कायदा

इन्सेन हा यांगूनच्या उत्तरेचा ब्रिटिशांनी बांधलेला तुरुंग. मध्यभागी मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या बराकी. मनोऱ्यावरून सगळ्या गल्ल्या दिसतात, एका आऱ्यातून दुसऱ्या आऱ्यात मात्र काहीच दिसत नाही. कारभार चालतो 1894 च्या तुरुंग कायद्यावर. हा तोच कायदा, ज्यावर महाराष्ट्रातल्या तुरुंगांचा कारभारही दीर्घकाळ चालला. निषिद्ध वस्तू, झडती, तुरुंगातले गुन्हे, एकांतकोठडी, बेड्या, हा सगळा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे. फरक पडतो तो तपासणी करणारा बाहेरचा माणूस आहे की नाही यात. लष्करी राजवटीत असा माणूस उरत नाही आणि तोच कायदा निराळा तुरुंग तयार करतो.

रोजच्या शिस्तीतली सगळ्यांत अंगावर येणारी गोष्ट म्हणजे 'पोन्झान'. अधिकारी गल्लीत शिरला की कैद्याने मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर आणि मान खाली घालून बसायचे. तो जाईपर्यंत मान वर करायची नाही. मोजणीला पोन्झान, डॉक्टर आला तरी पोन्झान. राजकीय कैदी याला नकार देत आणि शिक्षा भोगत. जेवण म्हणजे भात, डाळीचे पाणी आणि 'तलपॉ' नावाचे मिळेल त्या पाल्याचे कालवण. त्यावर तब्येत टिकत नाही, म्हणून घरून येणारे पार्सल हेच खरे अन्न असते. घरचे पार्सल बंद करणे ही म्हणूनच नियमपुस्तकात न लिहिलेली, पण सर्वांत परिणामकारक शिक्षा.

मुलाखत पंधरा दिवसांतून एकदा, 15 मिनिटांची, आणि जवळच्या नातेवाइकांनाच. गणित करून पाहा. वर्षाला 26 भेटी, म्हणजे साडेसहा तास. एकही भेट न चुकता 19 वर्षे मिळाली असती, तरी बेरीज सव्वाशे तासांच्या आसपास, म्हणजे सलग पाच दिवस. विन टिन यांनी लग्न केले नव्हते. 'जवळचा नातेवाईक' हा शब्द अशा माणसाच्या बाबतीत सापळा ठरतो. मित्रपरिवारातल्या लोकांनी चिकाटीने हेलपाटे घातले म्हणून बाहेरचा धागा तुटला नाही.

आणि कागद. कैद्याजवळ कागद-पेन सापडणे हाच गुन्हा. इन्सेनमधल्या राजकीय कैद्यांनी यावर नाना युक्त्या काढल्या. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या कापून त्यांवर खिळ्याच्या टोकाने अक्षरे कोरायची आणि ती उजेडात तिरपी धरून वाचायची. चिरूटच्या वेष्टनाचा, औषधाच्या पुड्यांचा कागद जपून ठेवायचा. विन टिन विटेची भुकटी करून ती पाण्यात कालवत आणि त्या शाईने कोठडीच्या भिंतीवर कविता लिहीत. भिंत कोणाला चोरून बाहेर पाठवता येत नाही, पण झडतीत जप्तही होत नाही.

मंडाले म्हटले की मराठी वाचकाला दुसरा एक संपादक आठवतो. 22 जुलै 1908 ला 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळकांना 6 वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेले. त्याच शहरात साठ वर्षांनी विन टिन संपादक झाले. टिळकांना तिथे शाई मिळाली नाही, पण पेन्सिल मिळाली, पुस्तके मिळाली, आणि 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा खर्डा तयार झाला. सुटकेनंतर सरकारने वह्या काही काळ ठेवून घेतल्या, मग परत केल्या. ब्रिटिशांचे कौतुक करण्याचा इथे हेतू नाही. त्यांनीच केलेला कायदा स्वतंत्र ब्रह्मदेशात तसाच राहिला आणि त्यातली पेन्सिल तेवढी गेली, एवढेच नोंदवायचे आहे.

83 पाने

1990 नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क यंत्रणेने ब्रह्मदेशासाठी विशेष प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. जपानचे कायद्याचे प्राध्यापक योझो योकोता 1992 ते 1996 या काळात त्या पदावर होते आणि त्यांना देशात येण्याची परवानगी मिळत असे. पण परवानगी घेऊन आलेल्या पाहुण्याला तुरुंग दाखवतात तेव्हा आधी चुना लावलेला असतो, आजारी कैदी दुसऱ्या बराकीत हलवलेले असतात आणि बोलणाऱ्या कैद्याशेजारी अधिकारी उभा असतो. फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य बिल रिचर्डसन यांनी विन टिन यांना पाहिले तेव्हा त्यांच्या मानेला पट्टा होता. मणक्याचा विकार आहे, एवढे बाहेर कळले. तो कशाने वाढला, झोपायला खाली काय आहे, डॉक्टर किती दिवसांनी येतो, हे अशा भेटीत विचारता येत नाही.

म्हणून कैद्यांनी स्वतःच अहवाल लिहायला घेतला. विन टिन त्यात पुढे होते. कोणावर काय झाले, उपचार कसे नाकारले, शिक्षा कशा दिल्या, मागण्या काय, असा 83 पानांचा दस्तऐवज 1995 मध्ये योकोता यांच्यासाठी तयार झाला आणि बाहेर पोचला. शिवाय आत एक हस्तलिखित नियतकालिक फिरत होते आणि चोरून आणलेल्या रेडिओवरून बातम्या मिळत होत्या. म्हणजे बातमी मिळवणे, संपादन, प्रत काढणे, वितरण, असे वृत्तपत्राचे सगळे खाते इन्सेनमध्ये चालू होते.

अशा कागदाचे एक अटळ कोडे असते आणि या प्रकरणाचा गाभा त्यातच आहे. अहवालावर जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयात कोणी विश्वास ठेवायचा तर त्यात 'कैद्यांचे हाल होतात' असे मोघम लिहून चालत नाही. तारीख लागते, बराक लागते, कोणाला काय झाले हे नावानिशी लागते, शिधा किती मिळतो ते लागते. पण नेमकी हीच माहिती लिहिणाऱ्याकडे बोट दाखवते. अमक्या रात्री तमक्या गल्लीत काय घडले हे पाहू शकणारे लोक किती? दहा, फार तर पंधरा. त्यांतले असे सलग लिहू शकणारे दोन-तीन. इन्सेनच्या आऱ्यांची रचना इथे चौकशी अधिकाऱ्याच्या उपयोगी पडते. माहिती कोणत्या आऱ्यातली, हे कळले की संशयितांची यादी आपोआप तयार. त्यात संपादकाची लेखणी लपत नाही. परिच्छेद पाडण्याची सवय, शब्दांची निवड, क्रमांक घालण्याची पद्धत, हे सगळे ओळखू येते. दस्तऐवज जितका चांगला, तितका लेखक उघडा.

दुसरा धोका साखळीचा. एक कागद बराकीतून गल्लीत, तिथून कामावर जाणाऱ्या कैद्याकडे, त्याच्याकडून पैसे किंवा चिरूट घेणाऱ्या शिपायाकडे, मग फाटकाबाहेर. 83 पाने एकदम जात नाहीत, घडी करून थोडी थोडी जातात. म्हणजे एकाच साखळीचा अनेकदा वापर, आणि प्रत्येक वापराबरोबर झडतीत सापडण्याची शक्यता वाढते. सगळी पाने निघून गेली तरी कच्चा मसुदा, उरलेला कागद, शाईचा डाग मागे राहतोच.

नोव्हेंबर 1995 मध्ये कोठड्यांची मोठी झडती झाली. रेडिओ आणि लिखाण सापडले. विन टिन आणि इतरांना तुरुंगातल्या कुत्र्यांसाठी बांधलेल्या कोठड्यांत हलवण्यात आले. सिमेंटची फरशी, अंथरूण नाही, मुलाखत नाही, पार्सल नाही. इन्सेनमधली थंडी महाबळेश्वरची नव्हे, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या फरशीवर आधीच मणक्याचा विकार असलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माणसासाठी ती पुरेशी असते.

खटला तुरुंगाच्या आतच चालला. प्रेक्षक नाहीत, वार्ताहर नाहीत. 28 मार्च 1996 ला वीसहून अधिक कैद्यांच्या शिक्षा वाढवण्यात आल्या, विन टिन यांच्या वाट्याला 7 वर्षे आली. आतापर्यंतचे दोन्ही आरोप तुरुंगाबाहेरच्या आयुष्यातले होते. हा आरोप शिक्षा भोगत असतानाचा होता, आणि यावेळी राजवटीने आडपडदा ठेवला नाही. संयुक्त राष्ट्रांना माहिती पाठवली, हे कारण उघड होते.

पुढचे टोकही नोंदवायला हवे. 1996 मध्ये योकोता पदावरून गेले आणि मॉरिशसचे न्यायाधीश राजसुमेर लल्ला आले. त्यांना त्यांच्या सबंध कारकिर्दीत देशात पाऊल ठेवू दिले गेले नाही. ज्या पत्त्यावर कागद पाठवला तो पत्ताच राजवटीने बंद केला.

बाहेरून काय लागू पडले, काय नाही

2001 मध्ये विन टिन यांना युनेस्कोचा गिलेर्मो कानो पुरस्कार मिळाला. जागतिक वृत्तपत्र संघटनेचे 'गोल्डन पेन'ही त्याच वर्षी मिळाले, ते सान सान न्वे या ब्रह्मी पत्रकार स्त्रीबरोबर विभागून. पुरस्काराने दार उघडले नाही. पण ज्याचे नाव दरवर्षी कुठल्यातरी सभेत घेतले जाते त्याला आत मरू देणे राजवटीला महाग पडते, आणि यांगूनच्या सरकारी रुग्णालयातल्या पहाऱ्याच्या खोलीपर्यंत तो पोचतो. तिथे त्यांना अनेकदा नेले. दोनदा हृदयविकाराचा झटका आला, हर्नियाची शस्त्रक्रिया झाली.

याहून जास्त फरक पडला तो रेड क्रॉसच्या भेटींनी. मे 1999 पासून आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसला तुरुंगांत प्रवेश मिळाला. त्यांची पद्धत ठरलेली आहे. कैद्याची नोंद करायची, अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून एकेकट्याशी बोलायचे, त्याच कैद्याला पुन्हा भेटायचे, आणि जे कळले ते जाहीर न करता अधिकाऱ्यांपुढे मांडायचे. बाहेरच्या कार्यकर्त्यांना हे मौन खुपते, ते समजण्यासारखे आहे. पण 83 पानांच्या कोड्यावर त्यात एक उत्तर होते. सर्वांची एकेक करून मुलाखत झाली की कोण बोलला हे शोधता येत नाही. 2005 च्या अखेरीस राजवटीने एकांतातल्या भेटींची अट मोडीत काढू पाहिली आणि भेटी थांबल्या. संयुक्त राष्ट्रांचे नंतरचे प्रतिनिधी पाउलो सेर्जियो पिन्हेरो मात्र विन टिन यांना भेटू शकले. भगव्या वस्त्रांतल्या भिक्खूंचा उठाव चिरडल्यानंतर नोव्हेंबर 2007 मध्येही ही भेट झाली.

कलम 401

सुटकेचा रस्ता खरे तर बराच आधी उघडा होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 401 खाली सरकार शिक्षा स्थगित करू शकते, अटी घालून. हे कलम 1898 च्या ब्रिटिशकालीन संहितेतले. भारतात 1973 च्या संहितेत त्याचे 432 झाले. ब्रह्मदेशात याचा एक छापील कागद होता. त्यावर सही केली की बाहेर, पण राजकारण करणार नाही असे कबूल करून. पुन्हा अटक झाली तर उरलेली शिक्षाही भोगायची आणि नवीही. सही करणाऱ्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे ठरेल, घरी मुले उपाशी असतील तर हिशेब वेगळा होतो. पण या सहीने आधीचा गुन्हाही मान्य केल्यासारखे होते, म्हणून विन टिन यांनी ती दर वेळी नाकारली. 2005 मध्ये सुटकेची वार्ता पसरली, तरी ते बाहेर आले नाहीत.

तिन्ही शिक्षा एकापुढे एक धरल्या तर 20 वर्षे जुलै 2009 मध्ये भरत होती. चांगल्या वर्तणुकीची नेहमीची माफी मिळाली असती तर ती कितीतरी आधी संपली असती. सप्टेंबर 2008 मध्ये राजवटीने 9,002 कैद्यांना माफी जाहीर केली. त्यांत राजकीय कैदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि विन टिन त्यांतले एक. सही न करता ते सुटले, म्हणजे 7,021 दिवसांच्या मोबदल्यात सूट मिळाली ती सुमारे साडेनऊ महिन्यांची.

निघताना त्यांनी तुरुंगाचा निळा सदरा परत केला नाही. राजकीय कैदी आत आहेत तोवर निळाच घालायचा, असे त्यांनी ठरवले. राहायला घर उरलेले नव्हते. एका मित्राच्या आवारातल्या छोट्या घरात ते राहिले, पक्षाच्या कामाला लागले, आणि 2012 मध्ये माजी राजकीय कैद्यांच्या मदतीसाठी स्वतःच्या नावाचा न्यास काढला. त्या नावात त्यांनी मंडालेच्या बंद पडलेल्या दैनिकाचे नाव जोडले, हंथावडी. 21 एप्रिल 2014 ला यांगूनमध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या अंगावर रोज निळा सदराच होता.